आत्माराम चुरींचं काश्मिरी झाड

आत्माराम चुरींना लोंबणारी वस्तू बघवत नाही. वसईकडच्या निर्मळ गावाच्या बाजूला ज्यांच्या बागायती वाड्या आहेत त्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते कधी ना कधी अनुभवाने कळलेलं आहे.

त्यात त्यांचा दोष तरी काय? तीन पिढ्या घरात पानवेली होत्या. गावच्या शाळेतून सातवी पास होऊन बाहेर पडल्यावर आत्माराम जे वाडीत शिरले ते तिथलेच झाले. पानवेलीचं काम म्हणजे जन्मभर एकच: वेल खाली आली की उचलायची, पांगाऱ्याच्या खोडाला टेकवायची आणि केळीच्या वाळक्या सोपटाची पट्टी घेऊन गाठ मारायची. गाठ घट्ट झाली तर वेल गुदमरते, सैल राहिली तर घसरते. आत्मारामची गाठ अशी, की वेलीला कळतही नसे आपल्याला बांधलंय म्हणून. पुढे पानवेली गेल्या. त्या जागी मोगरा आला, सोनचाफा आला, फुलं टेम्पोतून दादरला जाऊ लागली. पण हाताची सवय कुठे जाणार? शर्टाच्या खिशात सोपटाच्या दोन-चार पट्ट्या आजही असतातच.

मुलाच्या, जितेंद्रच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना मांडवाच्या खांबावरची झेंडूची एक माळ सुटून लोंबायला लागली. मुलाचा बाप सगळ्यांच्या देखत खुर्चीवर चढला, माळ बांधून मगच खाली उतरला. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. लग्नाच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात नवरा आहे, नवरी आहे, भटजी आहेत आणि आत्मारामची पाठ आहे. नालासोपाऱ्याच्या एका बँकेत टेबलावरच्या पेनाची दोरी उगाच लोंबते म्हणून त्यांनी ती इतकी आखडून बांधली, की दिवसभर लोक टेबलाला नाक लावून सह्या करत होते. संध्याकाळी साहेबांनी शिपायाला कैची आणायला सांगितली, तर शिपाई म्हणाला, साहेब, गाठ बघा किती सुंदर आहे, कापवत नाही.

तर अशा माणसाच्या घरात रेवाने विलोचं झाड आणलं. विलो म्हणजे ज्याच्या सगळ्या फांद्या केस मोकळे सोडल्यासारख्या जमिनीपर्यंत लोंबतात ते झाड. बघणाऱ्याला वाटावं, बिचारं मान खाली घालून रडतंय.

रेवा ही जितेंद्रची मुलगी, आत्मारामची एकुलती नात. दापोलीला शेतकी शिकली. शेवटच्या वर्षी वर्गासोबत काश्मीरला गेली आणि इतर मुलींनी जिथून शाली, अक्रोड आणले तिथून ही पेन्सिलीएवढ्या दोन काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली. तळ्याकाठच्या एका म्हाताऱ्या विलोच्या होत्या त्या. एक काडी वाटेतच वाळली. दुसरी तिने कुंडीत खोचली, तर ती फुटली. रेवाला कोण आनंद. घरात सगळेच हाडाचे वाडीवाले. लहानपणापासून तिने कोयता हातात घेतला की तिघं जण धावत येऊन काढून घेत. हे पहिलं झाड, जे तिने एकटीने जगवलं होतं.

पण झाड कुंडीत असतानाच तिला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने आजोबांना जवळ बसवून समजावलं. पाऊस कमी झाला की रोप कुंडीतून काढायचं आणि पाण्याजवळ लावायचं, त्याला पाणी फार लागतं.

"आणि आजा, त्याच्या फांद्या खाली येतील, तर येऊ द्यायच्या. तू बांधायचं नाहीस. शपथ घे."

आत्मारामने शपथ घेतली. घेताना डावा हात खिशावर होता, असं त्यांची बायको प्रमोदिनी सांगते, पण शपथ त्यांनी पाळली. अक्षरशः पाळली. घोटाळा झाला तो वेगळाच.

झालं असं, की जितेंद्रने विरारच्या एका नर्सरीतून मोगऱ्याची रोपं आणली होती, त्यावर नर्सरीवाल्याने एक शोभेचं रोप फुकट दिलं होतं. नाव त्यालाही धड सांगता आलं नाही. तेही कुंडीत, तेही गुडघाभर उंच, त्याचीही पानं बारीक आणि लांबट. गणपतीच्या साफसफाईत सगळ्या कुंड्या इकडच्या तिकडे झाल्या. आत्माराम लावणी करायला आले तेव्हा समोर दोन कुंड्या, दोन सारखी रोपं. आता साठ वर्षं झाडांत घालवलेला माणूस कोणाला विचारायला जाणार आहे थोडाच? त्यांनी नीट निरखून पाहिलं. एक रोप ताठ होतं. दुसऱ्याने मान टाकली होती. आत्माराम म्हणाले, हेच ते रडणारं. त्याला चार दिवस पाणी मिळालं नव्हतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग जागेचा प्रश्न. रेवा पाण्याजवळ म्हणाली होती, म्हणजे तिच्या मनात बावखलाची कड असणार. बावखल म्हणजे वाडीच्या मागच्या अंगाला असलेलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी त्यावर रहाट फिरायचा, आता पंप आहे. पण काश्मीरहून आलेला पाहुणा मागीलदारी बसवायचा, हे आत्मारामना पटेना. त्यांनी ते रोप पुढे, फाटकापाशी लावलं. तिथे नळ होता, तेव्हा फोनवर रेवाला 'पाण्याजवळच लावलंय' असं सांगताना जीभ अडखळली नाही. उरलेलं फुकटचं रोप नेऊन बावखलाच्या कडेला चिखलात खोचून दिलं. म्हणजे झाडं चुकली आणि जागाही चुकल्या, आणि शाळेत गणित दोनदा चुकवून कधी कधी उत्तर बरोबर यायचं तसं रेवाचं झाड आपोआप आपल्या जागी जाऊन बसलं. हे मात्र त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढची अडीच वर्षं आत्मारामच्या आयुष्यातली फार कठीण गेली. फाटकावरचं झाड वाढलं आणि खरोखरच त्याच्या फांद्या खाली झुकू लागल्या. सकाळी फुलं तोडायला जाताना, दूधवाल्याला फाटक उघडताना, दिवसातून वीस वेळा ते झाड समोर यायचं, आणि प्रत्येक वेळी हात खिशाकडे जायचा. मग ते दोन्ही हात पाठीमागे बांधून झाडावरून पुढे जात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगत, हे काश्मिरी आहे, बर्फातलं आहे, याला हात लावायचा नसतो. पोस्टमन, गॅसवाला, फुलांच्या टेम्पोचा ड्रायव्हर, सगळ्यांनी त्या झाडाखाली उभं राहून काश्मीरची हकीकत ऐकली. रेवाला मात्र फोटो एकदम झाड फुलल्यावरच पाठवायचा, असा त्यांचा बेत होता. शेजारच्या वाडीतले गॉडफ्रे लोपीस, आत्मारामचे शाळेपासूनचे सोबती, त्यांनी तर दोन फांद्या मागून नेल्या आणि गास गावी मुलीच्या दारात लावल्या. त्या वाळून गेल्या. गॉडफ्रे म्हणाले, बरोबर आहे, काश्मीरचं झाड, त्याला आमच्या गासची हवा मानवली नाही.

आणि इकडे फाटकावर दाबून ठेवलेला सगळा जोर आत्माराम मागच्या झाडावर काढत होते. बावखलाच्या कडेचं ते रोप ओलाव्याने सपाट्याने वाढलं. त्याला फांद्या फुटल्या आणि फुटता फुटताच खाली लोंबायला लागल्या. आत्मारामना वाटलं, अंगात ताकद नाही, वळण लावायला हवं. त्यांनी शेजारी बांबू रोवला. फांदी खाली आली की वर उचलायची, बांबूला टेकवायची, गाठ. अगदी पानवेलीसारखं. बांबू अपुरा पडला तेव्हा मोठा बांबू आणला. दीड-दोन वर्षांत ते झाड मिटलेल्या छत्रीसारखं दिसायला लागलं. थंडीत त्याची पानं झडली, तेव्हा तर छत्रीची कापडंही गेली आणि नुसत्या काड्या राहिल्या.

याच जागेवर जितेंद्रचा डोळा होता. तो वसईला एका कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वाडी बघतो. बावखलावरच्या पंपाला पक्की खोली बांधायची, म्हणजे पावसात मोटर जळणार नाही, असं त्याचं वर्षभर चाललं होतं. विजेचा खांब तिथून जवळ. झाड तेवढं मध्ये येत होतं. त्याने बापाला विचारलं, तर आत्माराम म्हणाले, झाड कसलं, खराटा आहे तो, खुशाल काढ. फेब्रुवारीतला एक रविवार ठरला. फुलपाड्याचा एक करवतवाला दुपारी येणार होता.

त्याच रविवारी सकाळी फाटकावरचं झाड फुललं. पहिल्यांदाच. बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तशी लालभडक फुलं, फांदीफांदीला लोंबलेली. आत्मारामना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी प्रमोदिनीला हाक मारली, गॉडफ्रेंना बोलावून आणलं, झाडाखाली उभं राहून फोटो काढवून घेतला आणि प्रमोदिनीच्या फोनवरून तो जर्मनीला रवाना झाला. खाली लिहिलं होतं, तुझं झाड फुललं.

तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, तरी चहा गाळून होईतो रेवाचा फोन आला.

"आजा, हे कोणाचं झाड आहे?"

"कोणाचं म्हणजे? तुझं."

"विलोला लाल फुलं येत नाहीत रे. त्याची फुलं म्हणजे हिरवट-पिवळे बारीक तुरे. एक पान तोड आणि चुरून वास घे बघू."

आत्मारामने पान चुरलं, नाकाशी धरलं. कापरासारखा, जरा लिंबासारखा वास. त्यांनी ते पान गॉडफ्रेंच्या नाकाशी धरलं. गॉडफ्रे म्हणाले, हा तर आमच्या घरातल्या बामाचा वास आहे.

रेवाने सांगितलं, हे बॉटलब्रश. नर्सरीत ढिगाने मिळतं. त्याच्याही फांद्या लोंबतात म्हणून लोक फसतात. विलोच्या पानाला असा वास नसतो. पान मऊ असतं, मागून फिकट असतं आणि कडेला बारीक दाते असतात. बोलताना तिचा आवाज हसरा होता, पण शेवटी शेवटी बारीक झाला. "म्हणजे माझं गेलं वाटतं," ती म्हणाली, "जाऊ दे, आजा. तू मुद्दाम केलं नाहीस." आणि फोन ठेवला.

गॉडफ्रेंना खरं तर चिडवायची नामी संधी होती. अडीच वर्षं ते काश्मीर ऐकत आले होते. ते एवढंच म्हणाले, की आत्माराम, मी गासला नेऊन मारल्या त्या फांद्या विरारच्या होत्या, हे माझ्या मुलीला कोण सांगणार? पण आत्माराम ऐकतच नव्हते. ते फाटकापाशी खाली बसले होते. पोस्टमनसमोर फजिती होईल याचं त्यांना काही वाटलं नाही. पोरीने एक झाड सांभाळायला दिलं, एवढंच एक, आणि ते आपण हरवलं, हे त्यांना लागलं.

प्रमोदिनीने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि सहज विचारलं, "अहो, तेव्हा कुंड्या दोन होत्या ना?"

आत्मारामने कप उचललाच नाही. ते उठले आणि वाडीतून सरळ मागे निघाले. मोगऱ्याच्या वाफ्यातून, पाटावरून, वयाला न शोभेल अशा चालीने. बावखलापाशी करवतवाला येऊन बसला होता. दुपारी म्हणाला होता आणि ऊन टाळायला सकाळीच आला होता. जितेंद्र त्याला कुठून कापायचं ते दाखवत होता.

"थांब, जितेंद्र. ते रेवाचं आहे."

जितेंद्रने आधी बापाकडे आणि मग झाडाकडे पाहिलं. बांबूला करकचून उभं केलेल्या त्या काड्यांमध्ये लोंबणारं असं काहीही नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, रेवाचं झाड खाली वाकतं. हे तर तुमच्यासमोर सावधानमध्ये उभं आहे." त्याचंही खरं होतं. आत्माराम काय सांगणार? हे वाकतच होतं रे, मी वाकू दिलं नाही, असं म्हणाले तेव्हा करवतवाला तोंड फिरवून हसला.

मग रेवाला पुन्हा फोन लागला, या वेळी चेहरा दिसणारा. प्रमोदिनीने फोन झाडासमोर धरला. आधी रेवाला कळेचना आपण काय बघतोय. कळलं तेव्हा ती इतकी हसली, की जर्मनीतल्या तिच्या खोलीत शेजारीण डोकावून गेली. मग तिने एकेक करून विचारायला सुरुवात केली. नखाने साल खरवडून बघा. खरवडली, तर आत हिरवीगार. म्हणजे मेलेलं नाही, थंडीत पान गाळून बसलंय, विलो तसंच करतो. डोळे कसे आहेत ते बघा, पानाचे नवे कोंब. आत्मारामने चष्मा पुसून पाहिलं: प्रत्येक डोळा फांदीला चिकटून बसलेला आणि त्यावर तान्ह्या मुलाच्या टोपड्यासारखं एकच टरफल. आता फांदी वाकवून बघा, मोडते का.

"ती मोडत नाही," आत्माराम लगेच म्हणाले. "दोन वर्षं बांधतोय मी. मोगरा मोडतो, जास्वंद मोडते. हिची एक काडी कधी माझ्या हातात कटकन झाली नाही." आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं, की लहानपणी मामाकडे तानसा नदीच्या काठाला वाळुंजाची झाडं होती, त्यांच्या काड्या अशाच बोटाला गुंडाळता यायच्या. रेवा म्हणाली, वाळुंज म्हणजे आपल्याकडचा विलोच. एकाच कुळातले ते.

जितेंद्रला अजून खात्री नव्हती. एवढ्या हौसेने ठरवलेली खोली एका आठवणीवर कशी सोडायची? तेव्हा रेवाने तोड काढली. दोन्ही झाडांची एकेक काडी पाण्यात घालून ठेवा. विलोला नुसत्या पाण्यात मुळं फुटतात. बॉटलब्रश काही तसा सहज मुळं धरणारा नाही. जितेंद्रने गवंड्याला फोन करून पुढच्याच्या पुढच्या रविवारी यायला सांगितलं. तोपर्यंत मुळं आली नाहीत तर करवत, असं ठरलं. करवतवाला चहा पिऊन गेला.

प्रमोदिनीने स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन काचेचे ग्लास ठेवले. त्यानंतर त्या घरात दुसरा विषय नव्हता. आत्माराम सकाळी उठून आधी खिडकीशी जात आणि मग तोंड धूत. ग्लास उचलून उजेडात धरत, खाली ठेवत, पाणी बदलत. इतके वेळा पाणी बदललं, की प्रमोदिनी म्हणाली, मुळं फुटायची असतील तरी तुम्हाला घाबरून आत जातील. गॉडफ्रे रोज संध्याकाळी चर्चवरून येताना डोकावत आणि 'पाळणा हलला का' असं विचारत. पहिल्या आठवड्यात काही नाही. आत्माराम जेवायचे कमी झाले. रेवाचा फोन आला की ते प्रमोदिनीकडे देत.

मग एका सकाळी काडीच्या बुडाशी सालीवर पांढरे ठिपके दिसले, घामोळ्यासारखे. आत्मारामने आणखी एक दिवस वाट पाहिली; आपल्या डोळ्यांवर त्यांचा आता भरवसा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचे शेवयांसारखे तंतू झाले. दुसऱ्या ग्लासातली काडी पान टाकून काळी पडत चालली होती. आत्माराम ग्लास हातात घेऊन जितेंद्रच्या खोलीत गेले आणि झोपलेल्या मुलाच्या उशाशी तो धरून उभे राहिले. जितेंद्रने एक डोळा उघडला, ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं. खोली पलीकडच्या कडेला घेऊ. वायर जास्त लागेल, लागू दे." दुपारी रेवाला फोन केला, तर तिनेही तेच सांगितलं: या झाडाची मुळं पाण्याच्या मागे लागून लांब जातात, पाइप फोडतात, तेव्हा खोली आणि पाइप दूरच बरे. आणखी म्हणाली, उन्हाळ्यात बावखल आटलं तर बुंध्याशी पालापाचोळा घालून पाणी द्या, वाळलेली फांदी तेवढी काढा. बाकी काही करू नका.

गवंडी यायचा त्या रविवारी सगळे बावखलावर जमले. एव्हाना काड्यांना पोपटी पालवी फुटली होती. आत्मारामने शिडी लावली. जितेंद्र कोयता घेऊन वर चढायला निघाला, सपासप गाठी कापून मोकळं करायला, तर त्यांनी त्याला बाजूला केलं. गाठी त्यांच्या होत्या, त्या सोडवायच्या होत्या, कापायच्या नव्हत्या. वरून एकेक सोडवत आले. प्रत्येक गाठ सुटली, की फांदी क्षणभर तशीच राही, जणू तिला खरं वाटत नाही, आणि मग सावकाश खाली येई. काही फांद्यांना उभं राहायची इतकी सवय झाली होती, की त्या अर्ध्यावरच थांबल्या. त्या पुढे नव्या फुटव्याच्या भाराने येतील, असं रेवा फोनवरून म्हणाली. पण पाण्याच्या बाजूच्या सगळ्या आल्या. एकावर एक, पडदा सोडल्यासारख्या, थेट बावखलाच्या पाण्याला टेकल्या.

गॉडफ्रेंनी टोपी काढून डोकं खाजवलं. एवढं झाड त्या बांबूत मावलं कसं, असं ते स्वतःशीच म्हणाले. प्रमोदिनी फोन धरून सगळ्या बाजूंनी फिरली. तिकडे रेवा बघत होती; तिच्या खिडकीबाहेर अजून बर्फ होतं.

"आजा कुठे गेला? मला नुसती शिडी दिसतेय."

"आत आहे," पानांच्या आडून आवाज आला. "झाडाच्या आत आहे मी. इथून बावखल फार छान दिसतंय गं."

"मग बाहेर ये ना."

येतो म्हणाले, पण आले नाहीत. गवंडी आला, पलीकडच्या कडेला दोरी धरून माप घेऊन गेला, तरी आत्माराम फांद्यांच्या आतच बसलेले. शेवटी प्रमोदिनीने दोन हातांनी फांद्या बाजूला करून त्यांचा चहा तिथेच नेऊन दिला, आणि मग स्वतःचाही घेऊन आली.